छातीवरचे पदक आणि वहीतली नोंद



या सदरात मी नेहमी बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो शेतकऱ्याच्याच घरचा आहे. आपल्या मुळशी, मावळ, भोर या डोंगरी भागात भाताच्या चार खाचरांवर सगळ्या भावांचे पोट भरत नाही. म्हणून एक भाऊ शेती पाहतो, एक मुंबईला जातो आणि एक पलटणीत भरती होतो, ही रीत जुनीच आहे. तेव्हा तुमच्या घरी नसला तरी भावकीत किंवा आळीत एखादा माजी सैनिक असेलच. त्याच्यासाठी हा लेख वाचा आणि त्याला वाचून दाखवा.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडाशी मी उरवड्याला गेलो होतो. पिरंगुटहून आत वळले की उरवडे लागते. अलीकडे त्या बाजूला कारखान्यांच्या शेडी पुष्कळ झाल्या, तरी भातखाचरे अजून टिकून आहेत. तिथे एका घरी इंद्रायणीच्या रोपवाटिकेची पाहणी होती. घरचे म्हातारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणतात, तसे गाव त्यांनाही मेजरच म्हणते. मी त्यांना आबा म्हणतो. एका अर्जासाठी सातबारा हवा होता, म्हणून त्यांनी लोखंडी ट्रंक उघडली. कागद काढताना तळाशी एक फडक्याचे गाठोडे दिसले. आत तीन पदके होती, रंगीत फितींसकट.

मी म्हणालो, "आबा, ही अशी तळाशी का ठेवलीत? झेंडावंदनाला लावत जा की!"

ते काही बोलले नाहीत. चहा आल्यावर आजींनीच सांगितले. काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला आबा पदके लावून शाळेत गेले होते. तिथे एका पाहुण्याने चारचौघांत विचारले, "यांची नोंद तुमच्या डिस्चार्ज बुकात आहे का? की बाजारातून आणलीत?" आबांनी घरी येऊन पुस्तक उघडले. नोंद नव्हती. तेव्हापासून पदके ट्रंकेत आणि आबा झेंडावंदनाला शेवटच्या रांगेत.

"आणि साहेब, खोटे कसे बोलू?" आबा म्हणाले. "पदके विकतचीच आहेत. नोकरीत असताना आम्हाला फिती मिळाल्या, पदके मागाहून येतील म्हणाले. आली नाहीत. मग छावणीच्या बाजारातून घेतली. पण लढाईला गेलो होतो, ते तर विकतचे नाही ना?"

बंधूंनो, हे ऐकून मी गप्प झालो. मी शेतीखात्यातला माणूस, मला पलटणीतले काय कळणार? पण नोंदीचे कळते. तुम्हालाही कळते. शेतात ऊस उभा असतो आणि सातबाऱ्यावर पीकपाहणीत 'पड' लागलेले असते. पीक खरे असते, पण कागदावर नसते. मग कर्ज अडते, नुकसानभरपाई अडते. पीक खोटे म्हणून नव्हे, तर वेळेवर कोणी लिहिले नाही म्हणून. आबांचे नेमके तसेच झाले होते.

फौजेतली रीत अशी असते. जवानाच्या बाबतीत काहीही घडले, म्हणजे बढती, बदली, लग्न, मूल, जखम किंवा पदक, की त्याची पलटण एक आदेश काढते. त्याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. आपल्याकडे फेरफार असतो ना, तसाच तो समजा. तो अभिलेख कार्यालयात, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसात जातो आणि तिथे जवानाच्या सेवापत्रकावर नोंद होते. फेरफार झाला नाही तर सातबारा बदलत नाही. तसेच हा आदेश निघाला नाही किंवा वाटेत राहिला, तर पदक नोंदीत येत नाही.

आबा १९७१ साली पूर्वेच्या आघाडीवर होते. त्या युद्धाच्या काळात सेवेत असलेल्यांसाठी 'संग्राम मेडल' निघाले. पूर्वेच्या रणक्षेत्रात असणाऱ्यांना 'पूर्वी स्टार' आणि पश्चिमेच्या रणक्षेत्रात असणाऱ्यांना 'पश्चिमी स्टार' देण्यात आला. शिवाय १५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली, त्याचेही एक पदक होते. पण युद्ध संपल्यावर आबा हिवतापाने लष्करी इस्पितळात पडले. बरे झाल्यावर त्यांना दुसऱ्या तुकडीत धाडले. जुन्या तुकडीने याद्या केल्या तेव्हा ते तिथे नव्हते आणि नव्या तुकडीला वाटले की जुनीने केले असेल. १९८३ साली ते निवृत्त होऊन गावी आले. घरी आल्यावर शेती, मुलींची लग्ने, पाऊसपाणी. विचारायला वेळ कोणाला होता?

मी म्हणालो, "आबा, अर्ज करू या." ते म्हणाले, "आता या वयात? त्याने काय पैसे मिळणार आहेत?"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर खरे द्यायला हवे. युद्धात भाग घेतल्याबद्दलच्या अशा पदकांनी पेन्शन वाढत नाही. ज्यांना शौर्यपदके मिळाली, म्हणजे परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र आणि तशी इतर, त्यांना सरकारकडून रक्कम मिळते. त्यांची घोषणा भारताच्या राजपत्रात होते, त्यामुळे तिथला पुरावा पक्का असतो. बाकीच्या पदकांना मान आहे, पैसा नाही. पण तेवढ्यासाठी सोडून द्यायचे का? बांधाची खूण पैशासाठी राखतो का आपण? आपली जागा आपली आहे, हे नातवाला दाखवता यावे म्हणून राखतो.

मग आम्ही कागद काढून बसलो, आणि ज्या गोष्टीसाठी बसलो नव्हतो तीच आधी हाती लागली. पेन्शनच्या आदेशावर, ज्याला पीपीओ म्हणतात, आजींचे नाव माहेरचे होते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. आबांनी सुट्टीत लग्न केले आणि पलटणीत परत गेल्यावर सवयीने माहेरचे नाव सांगितले. इकडे रेशनकार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक सासरच्या नावाने. म्हणजे कागदाच्या हिशेबी आबांची बायको एक आणि घरात नांदणारी आजी दुसरीच!

भगिनींनो, हे तुम्ही नीट ध्यानात घ्या. नवऱ्याच्या माघारी कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते ते नोंदीतल्या नावाला. दुःखाच्या दिवसांत म्हाताऱ्या बाईने 'ती मीच' हे सिद्ध करत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात, यासारखी दुसरी वाईट गोष्ट नाही. नवरा हयात असताना, त्याच्या सहीने हे काम पुष्कळ सोपे होते. पदकाच्या निमित्ताने ट्रंक उघडली म्हणून हे कळले, नाहीतर कळले नसते.

आता काय करायचे ते क्रमाने सांगतो.

पहिले, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढा. सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, भरतीची व निवृत्तीची तारीख, पलटण आणि कोणत्या काळात कुठे होतो, हे एका स्वच्छ कागदावर लिहा. नाव, जन्मतारीख, पत्नीचे व मुलांचे नाव आणि पदके ही पाच कलमे ताडून पाहा. काही चुकले असेल तर पुस्तकात स्वतःच्या हाताने खाडाखोड करू नका. त्याने खरा कागदही संशयात येतो.

दुसरे, पुण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे जा. इतर जिल्ह्यांतही अशी कार्यालये आहेत. अर्ज लिहायला आणि तो योग्य जागी पाठवायला तिथे मदत मिळते. दलालाला पैसे देण्याचे काहीएक कारण नाही.

तिसरे, अर्ज आपापल्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला आणि ईएमईचे सिकंदराबादला आहे. अर्जात मोघम लिहू नका. 'माझी पदके द्या' एवढ्याने काम होत नाही. 'अमुक काळात अमुक तुकडीत अमुक भागात होतो, म्हणून अमुक पदकाची नोंद तपासून घ्यावी' असे लिहा. सोबत छायाप्रती जोडा, मूळ कागद पाठवू नका. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

चौथे, पत्नीच्या नावाची दुरुस्ती असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जोडफोटो लागतो. आता लष्करी पेन्शन 'स्पर्श' या संगणकी व्यवस्थेतून येते. रेकॉर्डात दुरुस्ती झाल्यावर तिथेही नाव बदलले की नाही, हे पाहून घ्या.

पाचवे, उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याने, दहा रुपये फी भरून स्वतःच्या सेवापत्रकाची प्रत मागता येते. त्यानेही दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे. मात्र बहुतेक कामे तिथवर जाण्याची गरज पडत नाही.

आणखी एक गोष्ट. जे पेन्शन न घेता थोडी वर्षे सेवा करून परतले, त्यांचे सविस्तर कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. मागे 'लाँग रोल' ही नामावली तेवढी राहते. म्हणून अशा घरांनी तर मुळीच उशीर करू नये. आणि घरातली जुनी पत्रे, रजेचे पास, इस्पितळाच्या चिठ्ठ्या, पलटणीचे फोटो, यांतले काही रद्दीत घालू नये.

कागद नष्ट झाला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यातल्या कितीतरी घरांचे कागद पाण्यात गेले, हे जुन्या माणसांना आठवत असेल. बरोबर बारा वर्षांनी, १२ जुलै १९७३ रोजी, अमेरिकेत सेंट लुई शहरी सैनिकांच्या अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटीहून अधिक फायली जळाल्या. तिथे आजही पगाराची पत्रके, इस्पितळाच्या नोंदी, पलटणीच्या हजेरी याद्या जुळवून माणसांच्या सेवेचा इतिहास पुन्हा उभा करतात. एका ठिकाणची नोंद गेली तरी दुसरीकडे धागा सापडतो. शोधणारा मात्र हवा.

मान उशिरा मिळाला म्हणून तो शिळा होत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे ईएमईचे जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात देशाला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. मधली ४६ वर्षे लोक विसरले असतील, पण त्या शर्यतीचा निकाल लिहिलेला होता, तो पुसला गेला नाही.

आता आबांचे पुढे काय झाले ते सांगतो. आजींच्या नावाची दुरुस्ती आधी झाली. पदकांच्या अर्जाला सात महिन्यांनी उत्तर आले. संग्राम मेडलचा आदेश आबांच्या नव्या तुकडीने पुढे काढला होता, फक्त पुस्तकात चढवायचा राहिला होता. तो सापडला आणि तसे पत्र मिळाले. पूर्वी स्टारसाठी त्यांनी आणखी पुरावा मागितला. साताऱ्याकडच्या एका जुन्या सोबत्याने लिहून दिले आहे, ते पाठवले. उत्तर यायचे आहे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाच्या पदकाचीही तपासणी चालू आहे.

यंदा सव्वीस जानेवारीला मी मुद्दाम उरवड्याला गेलो. आबा कोटावर एकच पदक लावून आले होते. मी म्हणालो, "आबा, बाकीची दोन?"

"त्यांचे पत्र आले की लावीन," ते म्हणाले. आणि जाऊन पुढच्या रांगेत उभे राहिले.

तर बंधूंनो, भाताची लावणी आटोपली की एक दुपार काढा. घरची किंवा शेजारची ती ट्रंक उघडा, कागद उन्हात घाला आणि वाचा. म्हाताऱ्या माणसाला विचारा की त्या साली तुम्ही कुठे होता. तो सांगेल, तुम्ही लिहून घ्या. पुढच्या वेळी रोपांवरील करप्याविषयी लिहीन.