तेल गेलं कुठं?

माझं अख्खं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधीच पोटात घाला. पण ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी. कारण तिच्यातला मुख्य प्रश्न मला एका मिस्त्रींनी अस्सल मराठीत विचारला होता आणि मी तो उडवून लावला होता.

आमची गाडी २००८ सालची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वळणावर तिचा ब्रेकचा लाल दिवा लुकलुकायला लागला. हँडब्रेक तर पूर्ण खाली होता. घरात मेकॅनिकलची मुलगी असताना बाबा दुसऱ्या कोणाला कशाला विचारतील? मी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल मिनिममच्या रेषेला टेकलेलं. वळणावर ते हिंदकळतं, टाकीतला फ्लोट खाली जातो आणि दिवा लागतो. डायग्नोसिस कम्प्लीट!

कराडच्या गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणाले, "ताई, तेल टाकतो, पण तेल गेलं कुठं ते बघायला पाहिजे. चाकं खोलूया." मला संध्याकाळी हॉस्टेल गाठायचं होतं. म्हटलं, "काका, लीक कुठेच नाही. टॉप-अप करा." दिवा विझला. बाबा खूश, मी त्याहून खूश.

तेल कुठेच गेलं नव्हतं. डिस्कचे पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा तेलाने भरते आणि टाकीतली पातळी उतरते. म्हणजे लीक नसताना तेल उतरलं, तर आधी पॅड बघायचे. हे मला माहीत होतं हो! पास्कलच्या नियमावर पानभर लिहून मार्कही घेतले होते. पण वरून तेल ओतून मी काय केलं? खरं बोलणाऱ्या साक्षीदाराचंच तोंड बंद केलं.

जानेवारीत आई-बाबा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला निघाले होते. एका वळणावर पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबेना. दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांच्या जोरावर ती कशीबशी कठड्याच्या अलीकडे थांबली. पॅडचं लायनिंग संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. "आठवडाभर खरखर येत होती गं," बाबा फोनवर म्हणाले, "पण दिवा लागत नव्हता ना. आणि तू बघितलं होतंस." अगदी सहज म्हणाले. मला मात्र अजून टोचतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. जुन्या गाडीत हँडब्रेक ओढून किल्ली फिरवली की हा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय किंवा कोणीतरी तो काढलाय, आणि हे जास्त वाईट! दिवा विनाकारण लागला तर हँडब्रेक बघा, तेल बघा, चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा, पॅडची जाडी बघा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बुडत असेल आणि बाहेर थेंबही नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. अशी गाडी चालवू नका, उचलून न्या.

आणि हे फक्त गाडीचं नाही. रूमवर हीटर लावून फ्यूज उडतो, तेव्हा आपण काय करतो? जाड तार घालतो. लाईट आली, विषय संपला! आपल्याला परीक्षेत सगळा डेटा 'गिव्हन' असतो, म्हणून "हे असं का झालं?" हा प्रश्न विचारायची सवयच लागत नाही. सरांना नम्र विनंती, वर्कशॉपमध्ये एक तरी प्रॅक्टिकल असं ठेवा, की मुद्दाम बिघाड करून ठेवलाय आणि तो आम्ही शोधायचाय.

सुट्टीत मी त्या मिस्त्रींकडे गेले. ते काही बोलले नाहीत. फक्त झिजलेला पॅड माझ्या हातावर ठेवला. मीच म्हटलं, "काका, चुकलं माझं."