टाक्यांचा दोरा कशाचा?



बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका आपण बघतो, कॅप्सूलमध्ये जिलेटिन आहे का विचारतो, कितीजणींनी तर रेशमी साडी कायमची सोडली. पण बाळंतपणात टाके पडले तेव्हा दोरा कशाचा होता? मी दोन्ही वेळा विचारलं नाही.

पूर्वापार चालत आलेला विरघळणारा दोरा म्हणजे कॅटगट. नावात मांजर असलं तरी तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून करतात. न विरघळणाऱ्या दोऱ्यांत रेशीमही असतं. 1970च्या दशकात प्रयोगशाळेत बनवलेले विरघळणारे दोरे आले. त्यातला पॉलीग्लॅक्टिन आज बराच वापरतात. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाचे अंश साखळीसारखे जोडून तो तयार होतो, आणि शरीरातलं पाणीच ती साखळी हळूहळू तोडतं. तीन आठवड्यांनीही त्याची साधारण निम्मी ताकद टिकते, मग 56 ते 70 दिवसांत तो विरून जातो. कॅटगट हे शरीराला परकं प्रथिन, म्हणून तिथे दाह जास्त होतो. बाळंतिणींच्या टाक्यांवर अभ्यास झालेत, त्यांतही कृत्रिम दोऱ्याने सुरुवातीचं दुखणं कमी असल्याचं दिसलं. म्हणजे इथे व्रत आणि देह भांडत नाहीत.

(फार काटेकोर बहिणींसाठी: या दोऱ्यावरच्या लेपात कॅल्शियम स्टिअरेट असतं. ते वनस्पतीतूनही मिळतं, जनावराच्या चरबीतूनही. मी त्यावर अडून बसणार नाही.)

सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा, कळा सुरू झाल्यावर नको. आणि रक्त जात असेल तर हाताशी असेल तो दोरा चालेल. तेव्हा दारात उभं राहून वाद घालणाऱ्या सासूबाई मला मुळीच पटत नाहीत.

आणखी एक. वांगणीकडच्या बाईचं बाळंतपण अडलं की तिला जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात आणतात. दोऱ्यातल्या हिंसेचा प्रश्न तिच्या मनातही येत नसेल, पण घरी गेल्यावर उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायचा असतो तो तिलाच. दुखणं कमी होण्याची गरज आपल्यापेक्षा तिला जास्त. पर्युषणात आपण दवाखान्यांत फळं वाटतो ना? यंदा वाटण्याआधी तिथल्या सिस्टरना विचारू या, कृत्रिम दोरा पुरतो का, कुठल्या नंबरचा लागतो. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं तर केळी थोडी कमी घेऊ.