पाडळसिंगीचा नाका आणि वार्षिक पास

दवाखाना असो की खंडपीठातली तारीख, बीडकरांची छत्रपती संभाजीनगरची वारी चुकत नाही आणि वाटेतला गेवराईजवळचा पाडळसिंगी टोलनाकाही. १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास अशांच्या खरोखर कामाचा आहे. सुरुवातीला ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. हिशेब मात्र समजून घ्या: नाका ओलांडला की एक फेरी, परतताना दुसरी. पास खासगी कार, जीप, व्हॅनपुरताच. काळी-पिवळीवाल्याला तो नाही, ही उणीव बोचते. समृद्धी महामार्गावरही तो चालत नाही, तिथे टॅगमधली शिल्लकच कापली जाते. टॅग काचेवर चिकटवलेलाच हवा. हातात धरून दाखवणे सोडा. वैध टॅग नसेल तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट भरावे लागते. पास काढायचा तो ‘राजमार्गयात्रा’ अ‍ॅपवर किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी कुठे जायचे? प्राधिकरणाने पाडळसिंगीला मराठीतून पास काढून देणारी खिडकी उघडावी.