आधी श्वास सोडायला शिकवा

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की तलावाच्या काठावरून एकच आरोळी ऐकू येते : 'श्वास घे, श्वास घे!' मूल आणखी घाबरतं, मान वर काढतं, त्याची कंबर बुडते आणि पलीकडची भिंत गाठण्याआधीच ते लेनची दोरी धरतं. प्रशिक्षकांचं निदान ठरलेलं : दम कमी. आम्हाला हे निदान पटत नाही. त्या मुलाच्या छातीत हवा असते, पण ती वापरलेली. तगमग होते ती मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तोंड पाण्यात असताना हवा सोडलीच नाही, तर बाहेर येताच सोडणं आणि घेणं दोन्ही उरकावं लागतं. तेवढा वेळ कुठला? मग मान उचलली जाते आणि पुढचा हात पाणी पकडायचं सोडून खाली दाबू लागतो. हात चुकला असं आपण म्हणतो. मूळ मात्र नाकातोंडाशी असतं.

म्हणून पहिले काही दिवस भिंत धरून, पाण्यात तोंड घालून, नाकातोंडाने सलग बुडबुडे सोडायला लावा. कंटाळवाणं आहे, पालक कुरकुरतील, कुरकुरू द्या. त्यानंतर कुशीवरची किक. पोहताना डोक्यापुढे पाणी उचललं जातं आणि गालाशी खळगा पडतो, तोंड तिथेच उघडायचं. अंगासोबत डोकं वळलं आणि एक गॉगल पाण्यातच राहिला, की मान उचलायची गरज पडत नाही.

'दर तिसऱ्या हाताला श्वास' हा नियम मात्र वेदवाक्य करू नका. सरावात दोन्ही बाजू हव्यातच. समुद्रात लाट एका अंगाने येते तेव्हा दुसरी बाजूच उपयोगी पडते. पण 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 800 मीटर 8:04.79 मध्ये पोहणारी केटी लेडेकी बहुतांशी उजवीकडेच श्वास घेते. लांब अंतराला हवा लागते, तीनचा पाढा नव्हे. पन्नास मीटरचे अव्वल स्प्रिंटर जवळजवळ श्वासच घेत नाहीत, पण तो त्यांचा प्रश्न. शिबिरातल्या दहा वर्षांच्या मुलाने त्यांचं अनुकरण करायचं काही कारण नाही.

शेवटी एक कळकळीची विनंती. भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली लांब जाण्याच्या पैजा तुमच्या तलावात चालत असतील, तर त्या आजच बंद करा. अशा भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड घटतो, धोक्याची जाणीव होत नाही आणि चांगला पोहणाराही पाण्याखाली बेशुद्ध पडतो.