कोंड्याचा मांडा

नागझिऱ्याचे नाव निघाले की शहरातील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे तळ्याकाठचा वाघ, ऐन-बिजाची दाट झाडी आणि व्यंकटेश माडगूळकरांचे त्याच नावाचे पुस्तक उभे राहते. त्या अरण्याच्या कडेला वसलेली पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी ही गावे आणि त्या गावांतील चुली मात्र सहसा कोणास आठवत नाहीत. वस्तुतः नागझिऱ्याचे भवितव्य वनखात्याच्या पहाऱ्यावर जितके अवलंबून आहे, तितकेच या चुलींत काय जळते यावरही आहे. शेतातील व गिरणीतील टाकाऊ माल दाबून केलेल्या इंधनकांड्या, ज्यांना बाजारात ‘पेलेट’ म्हणतात, त्यांचा अलीकडे सरकारी धोरणात आणि कारखानदारीत मोठा बोलबाला झाला आहे. या कांड्या नागझिऱ्यासारख्या अरण्याला तारू शकतात आणि बेसावध राहिल्यास मारूही शकतात. त्या कोणत्या अटींवर तारक ठरतील, याचा विचार वेळीच करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नागझिऱ्यास १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही वने एकत्र करून व्याघ्र प्रकल्प निर्माण झाला. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी मुद्दाम आणून येथे सोडण्यात आल्या. वाघ वाढावेत हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु ज्या झाडीत वाघ वाढतो, त्याच झाडीत भल्या पहाटे मोहाची फुले वेचणारी, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारी आणि एरवी सरपणाची मोळी बांधणारी माणसेही वावरतात. मोहफुले आणि तेंदूपाने यांतून चार पैसे हाती येतात. ती कामे आज सोडा असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणास नाही. सरपणाची गोष्ट निराळी. मोळीसाठी रानात जाण्याची हौस कोणा बाईला नसते. दुसरा उपाय नाही म्हणून ती जाते.

उपाय झाले नाहीत असे नाही. व्याघ्र प्रकल्पांच्या भोवतालच्या गावांना स्वयंपाकाचा गॅस देणारी जन-वन विकास योजना राज्यात २०१५ साली आली, आणि पुढल्याच वर्षी केंद्राची उज्ज्वला योजना आली. सिलिंडर घरोघर पोहोचला, हे मान्य केलेच पाहिजे. पण सिलिंडर घरी येणे आणि तो पुन्हा पुन्हा भरून आणणे परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हातात रोकड असेल तेव्हा गॅस, नसेल तेव्हा लाकूड, असा व्यवहार गरिबाच्या घरी चालतो. शिवाय चहा आणि भाजी गॅसवर झाली तरी अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि थंडीतली शेकोटी यांना लाकूड लागतेच. अरण्यावरचा भार त्यामुळे काहीसा हलका झाला, पण उतरला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. गोंदिया हा धानाचा जिल्हा. भात भरडणाऱ्या गिरण्या येथे पदोपदी आढळतात. शंभर किलो धान भरडले की सुमारे वीस किलो तूस निघते. आतील पातळ कोंड्याला तेलाच्या घाण्यांकडून मागणी असते, पण बाहेरचे हे तूस हलके, फुगीर आणि वाहून नेण्यास महाग. उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्या त्यांतील काही आपल्या बॉयलरखाली जाळतात, काही वीटभट्ट्यांकडे जाते, आणि उरलेल्याचे ढीग पडून राहतात. पश्चिमेकडे वर्धा-यवतमाळच्या बाजूस कापूस वेचून झाल्यावर उरणारी पऱ्हाटी आणि तुरीची तुराटी कित्येक शेतकरी बांधावरच पेटवून देतात. एकीकडे इंधन जाळून टाकावयाचे आणि दुसरीकडे इंधनासाठी वाघाच्या रानात शिरावयाचे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण याहून चपखल कोठे बसेल?

हा वळसा चुकविण्याची युक्ती म्हणजेच ही कांडी. तिची कृती अवघड नाही. कच्चा माल वाळवून त्यातील ओल दहा-बारा टक्क्यांवर आणावयाची, तो दळून बारीक करावयाचा आणि पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने रेटावयाचा. दाबाने उष्णता निर्माण होते, वनस्पतीच्या अंगचेच लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होऊन चिकटते, आणि वेगळा डिंक न घालता करंगळीएवढी टणक कांडी बाहेर पडते. सुट्या तुसाच्या पाच-सहापट माल तेवढ्याच जागेत मावतो, म्हणून तो लांब नेणे परवडते. याच जातीची जाड वीट बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणून विकली जाते. पऱ्हाटीपासून अशा कांड्या आणि विटा करण्याचे काम केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विदर्भाच्या डोळ्यांपुढे करून दाखविले आहे. दोषही सांगितले पाहिजेत. तुसाची राख पुष्कळ होते, त्यातील वाळूसारख्या सिलिकाने साचे लवकर झिजतात, आणि कांडी पावसात भिजली की तिचा पुन्हा भुसा होतो.

कांडीचे उपयोग अनेक आहेत. गिरण्यांचे आणि औषध-कापड कारखान्यांचे बॉयलर, धान्य वाळविण्याची यंत्रे, खानावळींच्या भट्ट्या, वसतिगृहांची स्वयंपाकघरे, पाणी तापविण्याचे बंब, अशा सर्व ठिकाणी ती चालते. घरगुती चुलीत मात्र ती तशीच टाकून भागत नाही. तिला खालून हवा देणारी खास शेगडी लागते; ती मिळाल्यास धूर अगदी थोडा होतो.

अशा शेगडीचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे आणि त्याचा धडा विसरता कामा नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर आधारलेली ‘ऊर्जा’ नावाची शेगडी २००६ च्या सुमारास बाजारात आली. महाराष्ट्र-कर्नाटकातील लाखो घरांत ती गेली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या एका कंपनीकडे आला. शेगडी चांगली होती, बायकांना ती आवडलीही होती. परंतु ज्या कृषी-अवशेषांपासून कांडी होई, त्यांना कारखान्यांची मागणी वाढली. कच्चा माल महागला, त्यामागोमाग कांडी महागली, आणि घरोघरच्या शेगड्या अडगळीत पडल्या. धंदा मग खानावळी आणि हॉटेलांकडे वळला. यंत्र फसले नव्हते; मोठ्या गिऱ्हाइकापुढे लहान गिऱ्हाइकाचा निभाव लागला नाही, एवढेच.

आज तर याहून कितीतरी मोठे गिऱ्हाईक दाराशी आले आहे. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी कोळशाबरोबर पाच टक्के कांड्या जाळाव्यात, असे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली जाहीर केले आणि २०२३ साली त्यात सुधारणा करून २०२४-२५ हे प्रारंभीचे वर्ष ठरविले. पंजाब-हरियाणात जळणाऱ्या भाताच्या खोडांमुळे दिल्लीचा श्वास कोंडतो, त्यावर हा उतारा. हेतू उत्तमच आहे. पण नागझिऱ्याच्या शेजारी तिरोड्यास ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. एका युनिट विजेस सुमारे सहाशे ग्रॅम कोळसा धरला, तर एवढ्या क्षमतेचे केंद्र पूर्ण भाराने चालल्यास दिवसाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार टन कोळसा लागेल. त्याचे पाच टक्के म्हणजे रोज सुमारे २,४०० टन कांड्या. एवढे तूस मिळवावयाचे तर रोज बारा हजार टन धान भरडावे लागेल, तेही वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस! कोणत्याही एका जिल्ह्याच्या गिरण्यांना हे पेलणारे नाही. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा रोख स्पष्ट आहे. मागणीचा हा डोंगर तुसाने भरून निघाला नाही, तर पुरवठेदाराची नजर कोठे जाईल? कांडी एकदा दळून दाबली की ती तुसाची, पऱ्हाटीची की धावड्याच्या फांदीची, हे साध्या नजरेला ओळखता येत नाही. धोरणात कांड्या ‘मुख्यत्वे’ कृषी-अवशेषांच्या असाव्यात असे म्हटले आहे. ज्या गावच्या कुंपणापलीकडे व्याघ्र प्रकल्प आहे, त्या गावी या ‘मुख्यत्वे’ शब्दातून पळवाट निघणार नाही, याची हमी कोण देणार?

ही भीती काल्पनिक नव्हे. इंग्लंडातील ड्रॅक्सचे अवाढव्य वीज केंद्र कोळसा सोडून लाकडाच्या कांड्यांकडे वळले, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. त्या कांड्या अमेरिकेच्या दक्षिण भागातून आणि कॅनडातून जहाजे भरून येतात, आणि त्यांसाठी तेथील जंगले तोडली जातात की काय, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. जेथे कायद्याची यंत्रणा बळकट आहे तेथे ही स्थिती, तर आपण किती सावध असावयास हवे!

आणखी एक गोष्ट. शहरातील तज्ज्ञ ज्यास कचरा म्हणतात, तो खेड्यात क्वचितच कचरा असतो. धानाचे तणस हे बैलाचे खाद्य आहे. तुराटी हे भूमिहीनाचे फुकटचे जळण आहे. तेच उद्या टनाच्या भावाने विकले जाऊ लागले, तर शेतकऱ्यास चार पैसे मिळतील, पण ज्याला शेत नाही त्याची चूल उलट जंगलाकडेच वळेल. म्हणजे जंगल वाचविण्यासाठी काढलेली योजना माणसांना जंगलात ढकलील.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, कांडीचे स्वागत करावे, पण ते अटी घालून करावे. पहिली अट अशी की, व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या तालुक्यांत कांड्यांच्या कारखान्यात जंगलचे लाकूड येताच कामा नये. माल कोणत्या गिरणीतून, कोणत्या शेतातून आला याची नोंद असावी आणि ती ग्रामसभेस केव्हाही पाहता यावी. रानात माजलेल्या घाणेरीसारख्या झुडपांचा अपवाद करावयाचा तर तो वनखाते आणि ग्रामसभा यांच्या संमतीनेच व्हावा. दुसरी अट, तयार कांडीवर पहिला हक्क जंगलाकाठच्या गावाचा असावा. त्या गावांतील घरे, आश्रमशाळांची स्वयंपाकघरे आणि पर्यटकांची निवासस्थाने यांची गरज भागल्यावरच उरलेला माल वीज केंद्राकडे जावा. तिसरी अट, गावासाठी कांडीचा भाव वर्षाच्या आरंभीच ठरावा आणि त्यातील तूट वीज केंद्राच्या खरेदीतून भरून निघावी. चौथी, ही यंत्रे बाहेरच्या कंत्राटदाराऐवजी धान खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था व महिला बचत गट यांच्या हाती असावीत, म्हणजे नफा आणि जबाबदारी दोन्ही गावातच राहतील.

यात खर्च आहे, कटकट आहे, हे आम्ही जाणतो. परंतु वीज केंद्राची वीज शहरे वापरतात, आणि वाघ पाहण्यासाठी जीपगाडीतून फिरणाराही बहुधा शहरवासीच असतो. या दोन्ही सुखांची किंमत मोळीवाल्या बाईने एकटीने चुकवावी, हा न्याय नव्हे. कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी आपल्याकडे सुगरण म्हणून नावाजली जाते. मात्र तो मांडा प्रथम घरच्या ताटात पडतो, आणि मगच शेजारी वाटला जातो. गोंदियाच्या तुसाचा मांडा करू पाहणाऱ्या राज्यकर्त्यांनी वाढपाचा हा क्रम पाळला, तर नागझिऱ्याची झाडी आणि तिच्या आश्रयाने राहणारी माणसे दोन्ही सुखाने नांदतील.