तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये



घाटात गाडी तापली की ‘लगेच रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओतावं’, हा मागील अंकातील लेखातला सल्ला धोकादायक आहे.

तापलेल्या इंजिनातलं कूलंट दाबाखाली असतं. साधारण एक बार जादा दाब असला तर साधं पाणीसुद्धा सुमारे 120 अंश सेल्सियसला उकळतं. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते पाणी वाफेसकट हातातोंडावर उडतं. शिवाय एकदम गार पाणी पडल्याने सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, की एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. भर उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. तरीही काटा उतरला नाही तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावं, किमान अर्धा तास थांबावं. मग प्लॅस्टिकच्या टाकीतली कूलंटची पातळी बाहेरूनच पाहावी. ती खालच्या खुणेखाली गेली असेल तर होजच्या क्लिपपाशी हिरवट किंवा गुलाबी ओल शोधावी. पातळी ठीक असेल तर पंख्याचा फ्यूज तपासावा.

पुढील अंकात ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक