लाकडाला दोष देऊ नका

‘जुनं घर लाकडी, ते पडणारच!’ हे ऐकलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. मंडळी, पुण्याचा विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८७९ च्या आगीत होरपळला, पुन्हा उभारला गेला आणि आजही उभा आहे.

वाड्याचा भार भिंती नव्हे, खांब-तुळयांचा सांगाडा पेलतो. भिंत ढासळली तर नवी बांधता येते. खांबाचा बुंधा कुजला तर तेवढाच कापून नवा सांधता येतो. इंग्लंडात पाचशे वर्षांपूर्वीच्या ओकच्या घरांची अशीच डागडुजी करून लोक त्यांत राहतात. आपण मात्र फुटकी कौलं बदलत नाही, वासे कुजू देतो आणि मग ‘धोकादायक’ म्हणून घर पाडतो! भाऊबंदकीचं पाप लाकडाच्या माथी का?

आणि सिमेंटचं काय? आमच्या वालीवपासून जवळच, विरारला, याच शतकात बांधलेल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळला. १७ माणसं गेली. तिथे कुठे लाकूड होतं?

ज्यांचं गावी माडीचं घर आहे त्यांनी वाद नंतर घाला. आधी मे महिन्यात घर शाकारून घ्या आणि वाळवी बघा.